पाठीला पाठ लावून

कुजबुजे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हतं. खरं आडनाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर होतं, आणि त्या दाराशी कोणी फिरकतच नसल्यामुळे ते वाचायची वेळ कोणावर येत नव्हती. कुजबुजे हे नाव त्यांना नाटकवाल्यांनी दिलं होतं. उभा जन्म त्यांनी विंगेत काढला. ते प्रॉम्प्टर होते. नट वाक्य विसरला की आतून ते पुरवायचं, आणि तेही अशा बेताने की पहिल्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाता कामा नये.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. नट अडखळल्यावर शब्द देणारा प्रॉम्प्टर कच्चा. तो आता अडखळणार हे त्या नटाच्याही आधी ज्याला कळतं तो पक्का. कुजबुजे पक्के होते. रंगमंचावर जो जो काही बोलेल, त्याच्याबरोबर यांचे ओठ हलत असायचे. मोठे नट तर आवाजाचीही वाट बघायचे नाहीत. विंगेकडे एक तिरका डोळा टाकायचे आणि कुजबुज्यांच्या ओठांवरून वाक्य उचलून टाळ्या घेऊन मोकळे व्हायचे. टाळ्यांमधला वाटा यांनी कधी मागितला नाही. शांतता पडू दिली नाही एवढ्यावर ते खूष असायचे.

आणि आता घरात दुसरं काही नव्हतंच, होती ती शांतता. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा दूरच्या शहरात. रविवारी फोन करून ‘बाबा, जेवलात का?’ विचारायचा. ‘हो’ म्हटल्यावर पुढे बोलण्यासारखं दोघांच्याही गाठीला काही नसायचं. मग दोघेही ‘बरं मग’ असं म्हणायचे, आणि दोघांनाही सुटल्यासारखं वाटायचं. बाकीचे सहा दिवस कुजबुज्यांचा आवाज घशातच राहायचा. एकदा तर चहा उतू जाताना त्यांच्या तोंडून ‘अरे अरे’ निघालं आणि कोण बोललं म्हणून त्यांनीच दचकून मागे पाहिलं.

अशा माणसाच्या हातात कोणी ‘वाचनसोबत’चा कागद दिला, तर तो जाणारच. वाचनालयाच्या मागच्या खोलीत शाळा सुटल्यावर ही सोबत चालायची. वाचनात मागे पडलेली पहिली-दुसरीतली मुलं तिथे यायची. एका मुलामागे एक ऐकणारा. ऐकणारे सगळे रिकामटेकडे, म्हणजे निवृत्त. मुलाने मोठ्याने वाचायचं, समोरच्याने ऐकायचं, बस्स. शिकवायचं नाही, रागवायचं नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘ऐका. थांबा. शब्द मुलाला शोधू द्या.’ हे सगळं चालवणारी एक तरुण मुलगी होती. ती सगळ्यांची ताई. सत्तरीचे म्हातारेही तिला ताईच म्हणायचे.

कुजबुज्यांच्या वाट्याला भिंगरी आली. दुसरीतली पोर. तिला खुर्चीवर बसवायचं म्हणजे चाळणीत पाणी भरण्यातला प्रकार. पाय हलत, वेणी हलत, डोळे चारी दिशांना. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, ‘‘आजोबा, तुमच्या कानात केस का आहेत?’’

‘‘थंडी वाजू नये म्हणून.’’

‘‘मग डोक्यावर का नाहीत?’’

त्या दिवशी कुजबुजे घरी जाताना हसत होते. किती दिवसांनी, कोण जाणे. कुलूप उघडतानाही हसत होते, आणि दिवा लावल्यावर हसू मावळलं तरी एक गोष्ट उरली: परवा पुन्हा जायचं आहे.

भिंगरी वाचायला लागली ती नजर लागण्यासारखी. सुरुवातीला एका ओळीवर तासभर अडायची. पण काही आठवड्यांत ती गोष्टीवर गोष्टी फस्त करायला लागली. एकदा पुस्तकात बघायची, एकदा कुजबुज्यांकडे बघायची, आणि धडाधड वाचायची. शेजारच्या टेबलावर निवृत्त पोस्टमन बसायचे. त्यांच्याकडचा मुलगा अजून ‘कमळ’ आणि ‘कपाट’ यांच्यातच अडकला होता. ते म्हणायचे, ‘‘कुजबुजे, तुम्ही पोरीला काय चारता हो? आमच्या पठ्ठ्यालाही द्या जरा.’’

‘‘काही नाही. नुसता ऐकतो,’’ कुजबुजे म्हणायचे, आणि त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

एकच गोष्ट जुळत नव्हती. शाळेतल्या बाईंचं म्हणणं, ही मुलगी वर्गात एक ओळ वाचत नाही. उभी केली की बाईंच्या तोंडाकडे बघत राहते. ताईला कळेना घोडं पेंड कुठे खातंय. तिने कुजबुज्यांना विचारलं.

‘‘घाबरत असेल बाईंना,’’ ते म्हणाले. ‘‘माझ्याकडे बघा की कशी वाचते!’’

ताईने उभ्याने दोन पानं ऐकली. भिंगरीने ती अस्खलित वाचली. ताई मान हलवत निघून गेली, आणि कुजबुज्यांना त्या बाईंची मनातल्या मनात कीव आली. सांगायला लाज वाटते, पण थोडा आनंदही झाला. माझ्याकडेच वाचते! जगात कोणाला तरी आपली इतकी गरज आहे, आणि ती दुसरा कोणीही भागवू शकत नाही, याची चटक वाईट.

मग त्यांना सर्दी झाली. खरं तर घरी पडून राहायचं. पण घरी पडून राहण्याइतके ते आजारी नव्हते, आणि घरात पडून राहण्याइतकं धैर्यही त्यांच्यात नव्हतं. त्यांनी नाकातोंडावर मोठा रुमाल बांधला आणि ते सोबतीला आले.

भिंगरीने पुस्तक उघडलं. त्यांच्याकडे पाहिलं. पुन्हा पुस्तकाकडे पाहिलं.

‘‘तुम्ही दरोडेखोर झालात का?’’

‘‘सर्दी आहे. तुला लागायला नको. वाच.’’

तिने बोट ओळीवर ठेवलं. ‘‘ए... एक...’’ आणि गप्प. कुजबुज्यांनी वाट पाहिली. पाय हलायचे थांबले होते. ‘‘एका...’’ पुन्हा गप्प. तिचे डोळे त्यांच्या रुमालावर खिळले होते. इतके की त्यांना वाटलं, रुमालाला काही लागलंय की काय.

‘‘तुलाही बरं नाही का गं?’’

तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते काही कळलं नाही. त्यांच्या घशाला कोरड पडली होती, म्हणून पाणी प्यायला त्यांनी रुमाल खाली ओढला. घोट घेतला, पेला ठेवला, आणि नकळत तिच्या पुस्तकातली उलटी ओळ पाहिली. समोर बसून उलटी ओळ वाचायची त्यांना सवयच होती.

‘‘एका गावात एक मोठी विहीर होती,’’ भिंगरी खणखणीत आवाजात म्हणाली.

कुजबुज्यांनी रुमाल वर ओढला. भिंगरी थांबली. त्यांनी तो खाली केला. ‘‘त्या विहिरीत कोणीच डोकावत नसे,’’ भिंगरी म्हणाली. तिचं बोट अजून पहिल्याच ओळीवर होतं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते काही उगाच नाही. पोर इतके दिवस पुस्तक वाचतच नव्हती. ती यांना वाचत होती. चित्र बघायची, पहिलं अक्षर बघायची, आणि उरलेला शब्द यांच्या ओठांवरून उचलायची. त्यात कधी तरी यांचा बारीक आवाजही निघत असणार, कोणाला कळू नये अशा बेताने. दोष तरी कोणाला द्यायचा? आपलेच दात, आपलेच ओठ.

त्यांनी कोणालाही काही सांगितलं नाही. रुमाल खिशात घातला आणि तिला उरलेली गोष्ट ‘वाचू’ दिली.

त्या रात्री झोप लागली नाही, असं मी म्हणणार नाही. लागली, आणि तेच वाईट. कारण झोपायच्या आधी कुजबुज्यांनी एक हिशेब केला होता आणि तो त्यांना आवडला होता. वर्षअखेरीला शाळेतल्या बाई येऊन प्रत्येक मुलाचं वाचन घेणार होत्या. जमलं ती मुलं तिसरीत जाणार आणि त्यांची सोबत संपणार. ज्यांना जमलं नाही ती दुसरीतच राहणार, आणि पुढचं वर्षभर त्याच आजोबांसमोर येऊन बसणार. म्हणजे कुजबुज्यांनी काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं, आणि आणखी एक वर्ष भिंगरी त्यांची. त्यांनी स्वतःला सांगितलं की लहान आहे अजून, एक वर्ष इकडे काय नि तिकडे काय. एकट्या माणसाला स्वतःची समजूत घालणं फार सोपं जातं. मध्ये बोलणारं कोणी नसतं ना.

तीन-चार वेळा सोबत झाली. भिंगरी बडबडली, हसली, ‘वाचली’. कुजबुज्यांनी ओठ मिटून बसायचा प्रयत्नही केला नाही.

मग एका संध्याकाळी भिंगरीची आई तिला न्यायला लवकर आली. ती एका मोठ्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची. हाताला चटक्यांचे डाग, आणि उभं राहून राहून पाय सुजलेले. तिघं बरोबरच बाहेर पडली. वाचनालयाच्या दारावर नवा कागद चिकटवला होता. आईने डोळे बारीक केले. ‘‘काय लिहिलंय गं? माझा चष्मा कामावर राहिला. वाच बरं.’’ आणि कौतुकाने कुजबुज्यांना म्हणाली, ‘‘आता घरात वाचायचं काम हिलाच देणार. गेल्या वर्षी हिला अक्षर येत नव्हतं, आजोबा. मी रडायचे.’’

भिंगरीने कागदाकडे पाहिलं. मग आईच्या तोंडाकडे. आईचे ओठ हसत होते, त्यांत शब्द नव्हते. मग तिने कुजबुज्यांकडे पाहिलं.

कागदावर लिहिलं होतं, ‘दुरुस्तीसाठी वाचनालय उद्या बंद.’ ते शब्द कुजबुज्यांच्या ओठांवर आलेच होते. त्यांनी झटकन तोंडावर हात ठेवला.

पोरीचा चेहरा त्यांनी पाहिला, आणि तो पाहिल्यावर मात्र स्वतःची समजूत घालणं त्यांना जमेना. अंधारात हात धरून चालवणाऱ्याने मध्येच हात सोडावा, तशी ती उभी होती. तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं की तिला वाचता येत नाही. तिला वाटत होतं येतं, आणि आज का येत नाही हेच तिला समजत नव्हतं.

‘‘लाजते,’’ आई म्हणाली. ‘‘तुमच्यासमोर लाजते बघा.’’

‘‘हो,’’ कुजबुजे म्हणाले.

वाचनालय पुन्हा उघडलं त्या दिवशी मुलं यायच्या आधीच त्यांनी ताईला गाठलं आणि सगळं सांगितलं. रुमालाचं सांगितलं, दारावरच्या कागदाचं सांगितलं. ‘आणखी एक वर्ष’ हा हिशेबही सांगितला. ते सांगताना ते तिच्याकडे न बघता खिडकीकडे बघत होते.

ताई चिडली. तिने चिडायलाच हवं होतं. ‘‘आजोबा, भिंतीवर काय लिहिलंय?’’

‘‘थांबा.’’

‘‘मग?’’

‘‘मी थांबलो असतो, तर नाटकवाल्यांनी तेव्हाच घरी बसवलं असतं मला,’’ कुजबुजे म्हणाले. ‘‘आयुष्यभर न थांबण्यासाठीच ठेवलं होतं त्यांनी मला, ताई. कोणी गप्प झालं की माझा जीव वरखाली होतो. आणि घरी तर...’’ ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

ताई म्हणाली, ‘‘तिला पोस्टमनकाकांकडे देते.’’

‘‘द्या. तेच बरोबर आहे,’’ ते म्हणाले, आणि लगेच, ‘‘नका देऊ. परीक्षेपर्यंत माझ्याकडे राहू दे. मी बिघडवलंय, मला निस्तरू द्या. मी तिच्याकडे पाठ करून बसेन. तोंडच दिसलं नाही, तर काय वाचेल?’’

‘‘आणि तुम्हाला पुस्तक?’’

‘‘मलाही दिसणार नाही. शब्दच माहीत नसला, तर देणार कुठून?’’

ताईने टेबल कोपऱ्यात सरकवलं आणि दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्या. भिंगरी आली, तिने ते पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं खेळ आहे.

खेळ पहिल्या ओळीला संपला. ‘‘आजोबा, पुढे काय?’’

‘‘तूच सांग.’’

‘‘मला दिसत नाहीये.’’

‘‘पुस्तक तर तुझ्यासमोर आहे.’’

‘‘तुम्ही दिसत नाहीये.’’

कुजबुज्यांनी समोरच्या भिंतीवरचा पोपडा बघितला आणि दातांत ओठ धरला. मागे खुर्ची करकरली. मग त्यांच्या खुर्चीला एक लाथ बसली. मग दुसरी. ‘‘सांगा ना! आधी सांगायचात ना!’’

तर तिला माहीत होतं. अर्धवट का होईना, पोरीला माहीत होतं.

‘‘आधी चुकलो मी,’’ ते भिंतीला म्हणाले. ‘‘आता शब्द तूच शोधायचा. एकेक अक्षर घे. लागू दे वेळ, मी बसलोय.’’

ती रडली. मोठ्याने, सगळ्या खोलीने माना वळवाव्यात अशी. ‘‘मला हे आजोबा नकोत. मला पोस्टमनआजोबा हवेत.’’ पोस्टमन बिचारे आपलीच चोरी पकडल्यासारखे पुस्तकात तोंड खुपसून बसले. ताई जागची हलली नाही. कुजबुजेही हलले नाहीत, पण त्यांचे कान लाल झाले होते. एवढ्याशा पोरीच्या बोलण्याचं काय मनावर घ्यायचं, असं म्हणायला ठीक आहे. त्यांनी घेतलं. जगात त्यांची वाट बघणारं एकच माणूस होतं, आणि ते आता त्यांना नको म्हणत होतं.

त्यानंतर भिंगरीने कट्टी धरली. यायची, बसायची, बोलायची नाही. वाचायचीही नाही. कानातल्या केसांवर विनोद नाही, शाळेतल्या भानगडी नाहीत. पाठीमागे तिचा श्वास तेवढा ऐकू यायचा, आणि पान उगाचच उलटल्याचा आवाज. कुजबुज्यांना घरच्या शांततेची सवय होती. पण ही शांतता घरच्यापेक्षा जड होती, कारण हिच्यात दुसरं माणूस होतं. दहा वेळा त्यांच्या मनात आलं की वळावं, एक शब्द द्यावा, एकच, पहिला, म्हणजे गाडी सुरू होईल. हात खुर्चीच्या कडेला घट्ट धरून ते बसून राहायचे. घरी गेल्यावर बोटं दुखायची. परीक्षा जवळ येत होती, आणि त्यांना खात्री वाटायला लागली होती की आपण पोरही गमावली आणि तिचं वर्षही.

एके दिवशी मागून आवाज आला. वाचल्याचा नव्हता, पुटपुटल्याचा.

‘‘स... सम... समु...’’ बराच वेळ काही नाही. ‘‘समुद्र. समुद्रा... वर...’’

कुजबुज्यांनी श्वास रोखला.

‘‘समुद्रावर... राह... राहणाऱ्या... मु... मुलीकडे... एक... दु... दुर...’’

थांबली. शब्द त्यांना खरोखरच माहीत नव्हता. दुरून? दुरडी? आयुष्यात पहिल्यांदाच ते प्रेक्षकांतल्या माणसासारखे बसले होते. पुढे काय येणार याचा पत्ता नसलेले.

‘‘दुरबी... ण. दुर्बीण!’’ खुर्ची धाडकन हलली. ‘‘आजोबा, दुर्बीण! लांबचं बघायची ना ती?’’

‘‘हो,’’ कुजबुजे भिंतीला म्हणाले. ‘‘तीच. लांबचं बघायची.’’

‘‘तिच्याकडे दुर्बीण होती. मला वाटलं दुरडी असेल, पण ‘ब’ होता.’’

‘‘हुशार आहेस.’’

‘‘गप्प बसा, मी वाचतेय.’’

ते गप्प बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही, न जाणो, हालचालीने ती थांबायची. तिच्या तोंडावर या घडीला काय उमटलं असेल ते बघायची त्यांना फार इच्छा झाली. ती त्यांनी मारली. पोरगी रडतखडत वाचत होती. एक ओळ, मग अर्धी, मग चूक, मग चूक स्वतःच दुरुस्त केलेली. आधीच्या त्या खणखणीत वाचनापुढे हे काहीच नव्हतं. पण यातला शब्दन् शब्द तिचा होता.

पुढे कट्टी कधी सुटली हे दोघांनाही कळलं नाही. पण जुनं गुळपीठ काही परत आलं नाही. भिंगरीला आता गोष्टीत पुढे काय होतं याची घाई असायची. बसल्या बसल्या ती पुस्तक उघडायची, तास संपला की मिटायची आणि पळायची. कुजबुजे तिथे आहेत की नाहीत, याने तिला फारसा फरक पडत नव्हता. ती आहे, हे मात्र त्यांना पाठीला जाणवायचं.

परीक्षेच्या दिवशी शाळेतल्या बाई आतल्या खोलीत बसल्या. मूल एकेक आत जायचं. ऐकणाऱ्यांना आत मज्जाव होता. कुजबुजे बाहेरच्या बाकावर भिंगरीच्या आईशेजारी बसले. आई सुट्टी काढून आली होती आणि पदराच्या टोकाला पीळ देत होती. पोस्टमन त्यांना म्हणाले, ‘‘अहो कुजबुजे, तोंड केवढंसं झालंय! परीक्षा कोणाची, तुमची का तिची?’’

दार पुरतं लागत नव्हतं. आतून भिंगरीचा आवाज आला. सावकाश, पण येत होता. आईने देवाला हात जोडावेत तसे जोडले. एक ओळ झाली, दुसरी झाली. तिसरीच्या मध्यावर आवाज थांबला.

थांबला तो थांबलाच. आईने कुजबुज्यांकडे पाहिलं. ते पुढे झुकले होते. शब्द त्यांना माहीत नव्हता, दिसत नव्हता, पण त्यांचे ओठ उघडले होते आणि घशात काहीतरी तयार होत होतं. काहीही. शांतता मोडेल असं काहीही. त्यांना स्वतःचीच भीती वाटली. ते उठले आणि वाचनालयाच्या बाहेर, पायऱ्या उतरून थेट रस्त्यावर गेले. गाड्या जात होत्या, कोणीतरी दुकानाचं शटर वर ढकलत होतं. त्या गोंगाटात ते दिव्याच्या खांबाला धरून उभे राहिले. आत काय होतंय ते ऐकू येणार नाही अशीच जागा त्यांनी निवडली होती.

म्हणून ते त्यांनी कधीच ऐकलं नाही. भिंगरीला तो शब्द सापडला, पान पुरं झालं, आणि बाईंनी दुसरं पान दिलं तेही झालं, हे सगळं त्यांना नंतर कळलं. ते परत आले तेव्हा आई रडत होती आणि हसतही होती. भिंगरी एका पायावर उड्या मारत होती. बाई चष्मा पुसत होत्या.

‘‘मला तर विश्वासच बसत नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘वर्षभर माझ्या वर्गात हिने तोंड उघडलं नाही. काय गं, कोणी शिकवलं तुला वाचायला?’’

भिंगरीने उड्या थांबवून नीट विचार केला. मुलांना प्रश्न विचारला की मुलं तो खराच समजतात.

‘‘कोणी नाही,’’ ती म्हणाली. ‘‘मी माझी मीच शिकले.’’

‘‘अगं!’’ आई ओशाळली. ‘‘आजोबा नाहीत का? आजोबांनीच ना...’’

‘‘आजोबा तर नुसते तिकडे तोंड करून बसतात,’’ भिंगरी म्हणाली.

पोस्टमन खो खो हसले. बाईही हसल्या. ताई तेवढी हसली नाही. ती कुजबुज्यांकडे बघत होती.

‘‘खरं बोलतेय ती,’’ कुजबुजे म्हणाले. ‘‘मी काही केलं नाही. तिची तीच शिकली.’’

आईने ढोसलं म्हणून भिंगरीने त्यांना ‘थँक्यू आजोबा’ म्हटलं, एका दमात, दाराकडे बघत. दारात तिच्या वर्गातल्या मुली आल्या होत्या. ती त्यांच्याबरोबर पळाली. जाता जाता दारावरचं काहीतरी मोठ्याने वाचत गेली, आणि मुली तिच्याबरोबर ओरडत गेल्या.

ताईने खुर्च्या पुन्हा समोरासमोर लावल्या. म्हणाली, ‘‘सुट्टीनंतर नवीन मुलं येतील, आजोबा. तुम्ही याल ना?’’

‘‘येईन की.’’

‘‘मनाला लागलं का तिचं बोलणं?’’

‘‘लागलं,’’ कुजबुजे म्हणाले. ‘‘पण ती ‘आजोबांनी शिकवलं’ म्हणाली असती ना, तर मी नापास झालो असतो.’’

सुट्टी मोठी होती. त्यांनी छत्री घेतली आणि निघाले. कोपऱ्यावरच्या दुकानात रोजचा पाव घेताना त्यांना राहवेना. इतका आनंद घेऊन त्या खोलीत एकट्याने शिरायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

‘‘आमची पोरगी पास झाली आज,’’ ते दुकानदाराला म्हणाले.

दुकानदार पाव कागदात गुंडाळत होता. ‘‘अरे वा! नात का तुमची?’’

‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. ‘‘नाही,’’ ते म्हणाले.

‘‘मग? कोण तुमची?’’

कुजबुजे उभे राहिले. उभा जन्म ज्यांना दुसऱ्यासाठी शब्द कधी कमी पडला नव्हता, त्यांना स्वतःसाठी एक सापडेना. दुकानदाराने क्षणभर वाट पाहिली, मग पाव त्यांच्या हातात दिला आणि मागच्या गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारलं.